लांबच्या गोदामात उत्तम

पैज लागली ती रखमाच्या हातगाडीपाशी, बोंबील आणि मांदेल्यांच्या साक्षीने.

श्रावण लागायला दोन दिवस होते, त्यामुळे त्या रविवारी डिलाईल रोडवरच्या चाळीच्या फाटकात रखमा कोळणीभोवती सगळी चाळ जमली होती. उत्तम पिशवी घेऊन उभा होता खरा, पण त्याचं लक्ष मासळीत नव्हतं. बाजूला अप्पा आपल्या जावयाचं कौतुक करत होता, आणि अप्पाला हळू बोलताच यायचं नाही. बारा वर्षं मिलच्या साचेखात्यात काढलेली, तिथल्या खडखडाटात बोलायची सवय. संपात मिल सुटली, आवाज राहिला.

"आमचे हेरंबराव म्हणतात, एका ओळीत काम होईल! एका ओळीत! मंडळाचा अख्खा कॉम्प्युटर मोकळा!"

अप्पा मंडळाचा अध्यक्ष. मंडळाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर गच्च भरला होता. संपाच्या काळातले फोटो, जुन्या गणपतीच्या कॅसेटी, नमन, कबड्डी, लग्नं, सगळं त्यात होतं, आणि आता महिन्याभरावर आलेल्या गणपतीचा एक फोटो मावायला जागा नव्हती.

हे सगळं त्यात भरलं कोणी? उत्तमने. दोन हजार पाच साली मशीन आलं तेव्हापासून. करी रोडच्या पुलाखाली त्याचं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे माउस हातात धरता येणारा चाळीतला तो पहिला माणूस. घरोघर फिरून, पेट्या उघडायला लावून त्याने फोटो गोळा केले, एकेक स्कॅन केला. तेव्हा अप्पा चौकातून हाक मारायचा, "उत्तम्या, ये रे, हे बंद पडलं!" आणि उत्तम जेवण टाकून जायचा. दुर्गा, त्याची बायको, ताट झाकून ठेवायची आणि त्या मशीनला सवत म्हणायची.

मग दोन वर्षांपूर्वी अप्पाचा जावई सासऱ्याकडे राहायला आला. गिरगावातला, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला. त्यांची इमारत दुरुस्तीला काढली होती. चौतीस वर्षांचा, चष्मा, फोर्टात ऑफिस, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला इस्त्री केल्यासारखं. तेव्हापासून अप्पाची हाक बदलली. उत्तमचं जेवण आता गरम गरम व्हायचं, आणि त्याला ते गिळवत नव्हतं.

"एका ओळीत काय होणार?" उत्तम म्हणाला. "जादू हाय काय?"

हेरंब सुरमईकडे बघत होता, तो वळला. "जादू नाही हो, उत्तमकाका. एक टूल आहे. काळ्या खिडकीत कमांड लिहायची. ज्या फायली दोन वर्षांत कुणी उघडल्या नाहीत त्या ते शोधून काढतं आणि लांबच्या स्टोरेजमध्ये पाठवतं. तिकडे जागा स्वस्त असते."

"लांब म्हणजे? भिवंडीला?"

लोक हसले. भिवंडीला गोदामं आहेत हे लालबाग-परळमधल्या पोराटोरालाही ठाऊक.

"परदेशात," हेरंब म्हणाला. "हरवत काही नाही. फक्त परत बघायची असेल तर मागवावी लागते. पाच तास लागतात."

"पाच तास! तेवढ्यात माणूस कणकवलीला पोचंल."

"म्हणूनच रोजच्या वापरातलं इथेच ठेवायचं. कुणी बघत नाही तेवढंच पाठवायचं. तुमचाही एक फोल्डर आहे ना त्यात?"

हे त्याने सहज विचारलं. पण उत्तमच्या कानाला ते सहज लागलं नाही. त्या फोल्डरचं नावच 'उत्तम'. एकशे त्रेचाळीस फायली. ब्याऐंशी सालच्या संपात, गेटसभेत त्याने मॅनेजरची नक्कल केली होती, ती कुणीतरी टेपरेकॉर्डरवर भरून घेतली होती. तेव्हा उत्तम वीस वर्षांचा, मिलमध्ये बदली कामगार. लोकांच्या चुली थंड होत्या आणि हा पोरगा लाकडी खोक्यावर उभा राहून मॅनेजर कसा शिंकतो ते दाखवत होता. हजार माणूस पोट धरून हसलं. पुढे स्नेहसंमेलनातल्या नकला, होळीची सोंगं, सगळं त्याच फोल्डरात.

"माझ्या फोल्डरातली एक फाईल जायची नाय," उत्तम म्हणाला. "लोक येता-जाता बघतात ती."

"लिस्टच सांगेल, काका."

"तुझी लिस्ट घाल चुलीत. लाव पैज!"

"अहो, पैज कशाला..."

"का? गिरगावात घाबरायला शिकवतात?"

रखमाने कोयता खाली ठेवला. धंदा थांबला तरी चालेल, पण असली गंमत तिला सोडवायची नाही. "लावा रं लावा! हरंल त्यानं जितंल त्याला माझ्या या गाडीवर बसवायचं. फाटकापासून नाक्यापर्यंत वढायचं आन परत आनायचं. गाडी मी देते."

"आणि दर दहा पावलांवर ओरडायचं," उत्तमने भर घातली. हेरंब घामाघूम होऊन गाडी ओढतोय हे त्याला आत्ताच दिसायला लागलं होतं. "कॉम्प्युटर याचा, गाडी माझी! असं. गळा फाडून."

पैज ठरली. उत्तमच्या फोल्डरातली एक जरी फाईल त्या यादीत निघाली तर उत्तम हरला. दोन आठवड्यांनी, रविवारी, सगळ्यांसमोर यादी काढायची.

"पण ते लांब पाठवायला आठ-दहा दिवस लागतील," हेरंब अप्पाला म्हणाला. "डोंगलवर इंटरनेट हळू चालतं. रात्री मशीन चालू ठेवू या का?"

"ते जमायचं नाही, हेरंबराव." अप्पाने पहिल्यांदाच जावयाला नाही म्हटलं. "पाळी सुटली की मेनचा खटका खाली. मिलपासूनचा आपला नियम आहे. दिवसा काय चालवायचं ते चालवा."

उत्तमला तेवढ्यानेही बरं वाटलं.

जिना चढताना त्याने हेरंबला गाठलं. आवाजात साखर घातली. "काय रे जावया, ते टूल तुझं, त्याला कळतं कसं कोण बघतं नि कोण नाय?"

"सोपं आहे. प्रत्येक फाईलवर ती शेवटची कधी उघडली त्याची तारीख पडते. आपल्या या जुन्या मशीनवर ती सोय चालू आहे. टूल फक्त तारीख वाचतं."

"अस्सं? कोणी उघडली, का उघडली, ते नाय बघत?"

"त्याला काय करायचंय?"

उत्तम घरी गेला तो शीळ घालत. दुर्गाने कांद्यावरून मान वर केली. ही शीळ तिला माहीत होती. अठ्ठ्याण्णव साली एक एप्रिलला पाण्याचा टँकर आला म्हणून ओरडून याने अख्खी चाळ बादल्या घेऊन मैदानात उभी केली होती, त्याच्या आदल्या दिवशी अशीच शीळ वाजली होती.

"काय शिजतंय?"

"काय नाय गो. तारखा."

"त्या पोराच्या मागे लागू नका. हेवा करताय तुम्ही त्याचा. एक्कावन्न वर्षांचा बाप्या, नि शाळेतल्या पोरासारखा हेवा."

"मी? त्या इस्त्रीवाल्याचा?" उत्तम हसला, पण शीळ थांबली.

कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. त्याचा फोल्डर कोणी बघत नव्हतं. आधी बघायचे. गणपतीत रात्र जागवताना कोणीतरी म्हणायचंच, उत्तम्याची मॅनेजरची लाव रे. आता हेरंबने मोठा पडदा आणला होता, कुठले कुठले व्हिडिओ लावायचा, आणि लोक तेच बघायचे. यादी निघाली की ही गोष्ट सगळ्यांसमोर, तारखेसकट, वाचली जाणार होती. गाडी ओढायचं त्याला काही नव्हतं. ते एक वाक्य त्याला नको होतं.

तर मग फायली उघडायच्या. सगळ्या. एकेक.

ऑफिसची एक जुनी चावी त्याच्याकडे अजून होती. दुपारी दीडला दुकान बंद करून तो यायचा. अप्पा साडेतीनला चहाला उठायचा, त्याच्या आत निघायचं. सोमवारपासून सुरुवात. मेनचा खटका वर, मशीन चालू, एक डोळा दारावर, आणि क्लिक. फोटो उघडायचा, बंद. उघडायचा, बंद. मशीन म्हातारं, एकेक फाईल उघडायला कुंथायचं. पहिल्या दिवशी बावीस झाल्या. निघताना खटका खाली, खुर्ची होती तशी.

तिसऱ्या दुपारी गेटसभेची टेप आली. ती नुसती उघडून बंद करायची होती, पण त्याच्याच्याने राहवलं नाही. आवाज बारीक करून कान लावला. खरखर, घोषणा, मग आपलाच कोवळा आवाज, मॅनेजरची शिंक, आणि तो हशा. त्या हशात एक हसणं वेगळं काढता येत होतं. उचकी लागल्यासारखं, वर चढत जाणारं. अप्पाचं. सदतीस वर्षांचा अप्पा, खोक्याच्या अगदी पुढ्यात बसलेला, आणि हसताना ओरडतोय, "अजून एकदा, उत्तम्या!"

उत्तमने टेप बंद केली. परवा चहाच्या वेळी हेरंबने ऑफिसातला एक मिळमिळीत विनोद सांगितला होता. साहेबाने प्रिंटरला पासवर्ड विचारला, असलं काहीतरी. त्यावर अप्पा असाच हसला होता. उचकी लागेपर्यंत. एवढ्याशा विनोदावर! आपण खोक्यावर उभं राहून, उपाशी पोटी, पोलिसांच्या गाडीसमोर ते हसणं कमावलं, आणि याला ते चहाबरोबर बिस्किटासारखं मिळतं.

त्या रागात त्याने त्या दिवशी एकोणचाळीस फायली उघडल्या.

एवढंच करून तो थांबला असता तर तो उत्तम कसला. हेरंबच्या फोल्डरात शिरून त्याने प्रत्येक फोटो उलटा करून ठेवला. गणपती डोक्यावर उभा दिसेल हे लक्षात आलं तेव्हा कान पकडून गणपतीचे तेवढे सरळ केले. आमदार उलटेच राहिले.

पुढच्या शुक्रवारी एकशे त्रेचाळिसावी फाईल झाली. उत्तमने हात झटकले. शनिवारी हातभर लांब पट्ट्यावर 'विजयी रथ' असं छापून, लॅमिनेट करून, त्याने तो गाडीला लावायला तयारसुद्धा ठेवला.

रविवारी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात बायका, खिडकीत पोरं, रखमा टोपलीवर ऐसपैस बसलेली. अप्पाने खटका वर केला, मशीनला नमस्कार केला. हेरंबने सवयीने मशीनचं घड्याळ लावलं, डोंगल लावला आणि काळी खिडकी उघडली. त्यात पांढऱ्या अक्षरांत त्याने एक ओळ लिहिली. खरंच एक ओळ.

"आत्ता काही पाठवत नाही," तो म्हणाला. "आधी नुसती यादी. जे सगळ्यात जुनं उघडलंय ते सगळ्यात वर येईल."

त्याने एन्टर दाबलं. अक्षरं सरसर खाली पळाली. हेरंब यादीच्या सगळ्यात वर गेला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वाचा ना," अप्पा म्हणाला.

"'उत्तम' फोल्डर. गेटसभा नक्कल. शेवटची उघडली..." हेरंब अडखळला. "एक जानेवारी दोन हजार पाच."

"काय?" उत्तम उठूनच उभा राहिला.

"त्याच्याखालची, स्नेहसंमेलन एक. एक जानेवारी दोन हजार पाच. होळी, पाच फोटो. एक जानेवारी दोन हजार पाच. काका, तुमच्या सगळ्याच आहेत. एकशे त्रेचाळीस. त्यांच्याखाली माझेही फोटो, तीच तारीख."

"खोटं हाय! मी स्वतः..." उत्तमने जीभ चावली. पण दुर्गाने ऐकलं. तिने तोंडाला पदर लावला.

"पण यात एक गंमत आहे," हेरंब पडद्याच्या जवळ सरकला. "काकांच्या फायली तयार झाल्यात दोन हजार सातमध्ये. म्हणजे जन्माच्या दोन वर्षं आधीच कुणीतरी उघडून बघितल्या. आणि वेळ बघा. रात्री बारा वाजून अकरा मिनिटं. बारा एकोणीस. साडेबारा. सगळ्या रात्री बारा ते दोनच्या मधल्या."

"एक जानेवारीला रात्री बाराला?" रखमा म्हणाली. "तवा तर मानसं भलतंच कायतरी उघडत असतात."

ऑफिस हादरलं हसण्याने. हेरंब हसला नाही. त्याने मशीनच्या डब्यावर टिचकी मारली.

"याच्या आतला सेल गेलेला आहे. मेन बंद केला की हे मशीन तारीख विसरतं. चालू केलं की याला वाटतं, एक जानेवारी दोन हजार पाच, रात्रीचे बारा. मी आलो की आधी घड्याळ लावतो. म्हणजे गेल्या काही दिवसांत कुणीतरी हे चालू केलं, घड्याळ न लावता फायली उघडल्या, आणि खटका परत खाली करून गेलं."

आता हसणं थांबलं, आणि सगळी तोंडं हळूहळू उत्तमकडे फिरली. खटका खाली करून जाणारा माणूस म्हणजे चाळीतलाच. फोल्डर उत्तमचा. आणि सहा वर्षं रोज पहिल्यांदा घड्याळ लावून मगच मशीनला हात लावणारा माणूस कोण, हेही सगळ्यांना माहीत होतं. सेल गेल्याचं उत्तमनेच तर सांगितलं होतं. या दोन आठवड्यांत पडद्याच्या कोपऱ्यात एक जानेवारी दिसत होती, रोज दिसत होती, आणि त्याचं लक्ष दारावर होतं.

"उत्तम्या," अप्पा म्हणाला, "तू आपल्याच फायली..." आणि त्याला उचकी लागली. तीच, वर चढत जाणारी. अख्खं ऑफिस त्यात सामील झालं. खिडकीतली पोरं खाली पडायची बाकी राहिली.

लबाडी पकडली गेली त्याचं उत्तमला काहीच नव्हतं. दुसरी एखादी वेळ असती तर त्याने कमरेत वाकून मुजरा केला असता. पण लोक हसायचे थांबले की त्यांच्या लक्षात येणार होतं, हा असं का करत बसला ते.

हेरंबच्या ते आधीच लक्षात आलं होतं. तो हळूच, फक्त उत्तमला ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, या तारखा आता खऱ्या नाहीत. आधी कुणी बघत असेल तर ते पुसलं गेलंय. यावरून काहीच सिद्ध होत नाही. मी ओळीत एक शब्द वाढवतो, तुमचा फोल्डर वगळायचा. पैज रद्द करू."

जाळं असं उघडून कोणी धरलं की त्यातून निघणं सोपं असतं. उत्तम निघाला पण असता. पण उघडून धरणारा हात हेरंबचा होता. चांगलाही हाच, हुशारही हाच, अप्पाचं हसणंही यालाच, आणि वर हा मला दया देणार?

तो खुर्चीवर चढला. खुर्ची करकरली.

"ए, गप बसा! एक विचारतो. खरं सांगायचं. गेल्या दोन वर्षांत माझी एक तरी फाईल कोणी लावून बघितली असंल त्याने हात वर करा."

पंखा फिरत होता. अप्पा त्या पंख्याकडे बघायला लागला, जसा काय तो आजच बसवलाय. रखमाने बुडाखालची टोपली सारखी केली. एका पोराने हात वर केला, पण तो शू लागली म्हणून, आणि आईने तो खाली ओढला.

"बघितलंस?" उत्तम हेरंबला म्हणाला. "वगळू नको काय. कुठं दाबायचं?"

"काका, खरंच नको..."

"अरे कुठं दाबायचं सांग!"

हेरंबने ओळ बदलली, या वेळी खरोखर पाठवायची. उत्तम खाली उतरला, आणि त्याने स्वतः एन्टर दाबलं. काळ्या खिडकीत त्याच्या फायलींची नावं एकेक करून वर सरकायला लागली. गेटसभा नक्कल पहिलीच होती. तिच्यापुढे शेकड्याचा आकडा गोगलगायीसारखा चालला होता. एक. दोन. उत्तम शंभर होईपर्यंत उभा राहिला. दुर्गाने येऊन त्याच्या शर्टाची बाही धरली आणि सोडली नाही.

"चला," मग तो म्हणाला. "गाडी कुठाय?"

"आत्ता?" अप्पा म्हणाला.

"मग काय मुहूर्त काढायचा?"

रखमाने आपला शब्द पाळला. गाडी रिकामी होती, पण बर्फ वितळून फळ्या भिजलेल्या होत्या आणि वास जागेवर होता. हेरंब नको नको म्हणत असताना चार जणांनी त्याला उचलून वर ठेवला. कोणीतरी भजनातला फेटा आणून त्याच्या डोक्यावर चढवला. पांढऱ्या पँटीला खालून ओल लागली तसा तो शहारला, आणि मग एकदम खूश झाला. आयुष्यात त्याला कोणी असं वर बसवलं नसावं. तो दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांकडे बघून हात हलवायला लागला.

उत्तमने दांड्या धरल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली, डिलाईल रोडला लागली. दहा पावलं झाली.

"कॉम्प्युटर याचा, गाडी माझी!"

पहिल्यांदा आवाज नीट फुटला नाही. चहावाल्याने मान वर केली. पुढच्या दहा पावलांनी उत्तमने तोच घोष मॅनेजरच्या आवाजात केला, मध्येच शिंकून. फुटपाथवरचे दोघे थांबले. त्याच्या पुढच्या वेळी तो हेरंबच्या आवाजात म्हणाला, प्रत्येक शब्दाला इस्त्री करून, नाकावरचा नसलेला चष्मा सारखा करत. "लिस्टच सांगेल, काका! कॉम्प्युटर याचा, गाडी माझी!" मागून येणारी चाळ कोसळलीच. समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या भरल्या. बसवाल्याने बस हळू केली. एक म्हातारी तिसऱ्या मजल्यावरून ओरडली, "परत कर रे, दिसलं नाय!" आणि उत्तमने तिच्यासाठी गाडी थांबवून, दांड्या खाली टेकवून, परत केलं. फळी एकदम पुढे कलली आणि हेरंब घसरत घसरत कसाबसा फेटा धरून राहिला. तिकडे कोणी बघितलंही नाही. अप्पा तर रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता, आणि त्याला श्वास मिळत नव्हता.

हेरंबने अजून दोन-तीनदा हात हलवला. मग हात मांडीवर ठेवला. नाका आला, गाडी वळली, आणि तो पुढे वाकून उत्तमच्या कानाशी आला.

"काका," तो म्हणाला, "येताना मी ओढू का? थोडा वेळ? नुसता त्या सिग्नलपर्यंत?"

"खाली उतरायचं नाय."

"फक्त एकदा ओरडतो."

"जिंकलायस ना?" उत्तम म्हणाला, आणि सरळ चाळीकडे जायचं सोडून त्याने गाडी लांबच्या गल्लीत घातली. "मग गप बस वर."